दहाचा फ्यूज

कोरियातल्या गांगनुंग शहरात, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा जावई ग्योंगमो उभे होते.

"तीस अँपिअरचा फ्यूज घेतो, आई. दहाचा लगेच जळतो."

"जुन्यावर किती लिहिलंय?"

"दहा. म्हणून तर हेडलाइट गेले. तीसचा दणकट असतो."

"जावईबापू, फ्यूज जळायलाच बसवलेला असतो. तो जळला नाही तर वायरी जळतात."

"तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही, म्हणून मी लिहिलेलं वाचते. तुम्हाला सगळं कळतं, म्हणून तुम्ही दुरुस्त केलेली माझी अंथरूण तापवायची विजेची चटई पेटली."

"चटई जुनी होती."

"वीस वर्षं चांगली चालली. जावई नवा होता."

"आज घाट उतरायचाय. मध्येच दिवे गेले तर?"

"तर थांबू. तुमच्या तीसच्यानं गाडी पेटली, तर सगळ्या घाटात उजेड पडेल."

"गाडी माझी आहे, आई."

"तुमचीच. पण येताना मागे माझी लेक आणि तान्ही नात बसणार आहेत."

जावयानं तीसचा परत ठेवला आणि दहाचा उचलला.

"दोन घ्या," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर वाटेत हा उडाला, की बाळंतिणीसाठी नेतोय त्या सूपचा स्टीलचा चमचा खुपसाल तिथं."