दुपारी गाणारी बाई

शिक्षिका : म्हणजे इतकी वर्षं ते व्हायोलिन आहे हेच तुम्हाला माहीत नव्हतं?

मास्तर : आम्ही शिंपी माणसं, बाई. आम्हाला दोऱ्याचा नंबर विचारा. मला वाटायचं, रेडिओवर कोणीतरी बाई गातेय. शब्द नाहीत, नुसतीच आळवतेय.

बायको : चार वर्षं वाटत होतं.

शिक्षिका : अहो, पण कोण काय वाजवणार ते आधी सांगतात की!

मास्तर : सांगत असतील. तीनला मी कोपऱ्यावर चहाला जायचो. येईपर्यंत तिचं सुरू झालेलं असायचं. वर रेडिओची खरखर, मशीनची खडखड.

बायको : संगीताची आवड होती म्हणून लावायचे, असं समजू नका हं.

मास्तर : आवड कसली? मला सामन्याचं वर्णन ऐकायचं असायचं. पण बटण तुटलं आणि काटा त्या एका स्टेशनवर अडकला तो अडकलाच. दुरुस्तीला न्यायचा आळस! दोन महिने शिव्या घातल्या त्या रडगाण्याला. मग एक दिवस कार्यक्रम संपला, भानावर येऊन बघतो तर हातातल्या कोटाला डावी बाही उजवीकडे.

बायको : आणि घरी येऊन मला सांगतात, "काय गाते गं ती! जीव कासावीस होतो." मग रोज तेच. भाजीत मीठ नाही हे यांना कळायचं नाही, पण "आज ती जरा दमलेली वाटली" हे बरोबर कळायचं.

शिक्षिका : तुम्हाला राग नाही आला, काकू?

बायको : राग? बाई, मी चार वर्षं एका लाकडी खोक्यावर जळत होते. हसा, हसा. आता मीही हसते.

मास्तर : मग शेजाऱ्यांनी टीव्ही घेतला. रविवारी आम्हाला बोलावलं. दाराशी चपला काढतोय तोच आतून तिचा आवाज! मी तिथूनच ओरडलो, "हीच ती!" आत जाऊन बघतो तर पडद्यावर टक्कल, जाड चष्मा, झुपकेदार मिशा. आणि हनुवटीखाली ते वाद्य.

बायको : शेजारीण म्हणाली, "भावजी, ही?" मी आठवडाभर हसत होते.

मास्तर : मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

बायको : दोन्ही वेळा मागून घेतलंत! पण बाई, हसू ओसरल्यावर म्हटलं, एवढं काय आहे ते ऐकू तरी. काजं-बटणं मीच करायची, ती घरी करण्याऐवजी दुपारी दुकानात बसून करायला लागले.

मास्तर : एकवीस वर्षं बसली. एक अक्षर बोलायची नाही. 'वा' मीच म्हणायचो, तेही भलत्याच जागी.

शिक्षिका : मग आता शिकायचं कसं सुचलं?

बायको : गेल्या महिन्यात तो कार्यक्रम बंद झाला. आता त्या वेळेला जाहिराती लावतात.

मास्तर : आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतो. त्या वेळी बोलायची सवयच राहिली नाही. परवा मी हिला विचारलं, "काय, बरं आहे ना?" पाहुण्याला विचारावं तसं! मग म्हटलं, हे काही खरं नाही. आपणच काहीतरी करायला हवं.

शिक्षिका : स्पष्ट सांगते, मास्तर. या वयात वर्षभर तरी नुसतं करकरेल. हं, धरा. खांदा सैल. गज हलका... हलका! कापड कापत नाही आहात तुम्ही.

मास्तर : ...अरे देवा! हा आवाज मी काढला?

बायको : रस्त्यावरची माणसं वर बघतायत.

मास्तर : इतकी वर्षं ऐकून हे दिवे लावले! घे बाई, तूच धर. माझे हात कात्रीचे.

बायको : मला कशाला? अहो, मी नुसती सोबत आलेय... अशी? मान इकडे?

(ती एकदाच गज ओढते. एकच सूर, लांब आणि सरळ.)

शिक्षिका : काकू, आधी कधी वाजवलंय?

बायको : नाही हो. हातात आजच घेतलं. चुकलं का काही?

शिक्षिका : नाही. काही चुकलं नाही... मास्तर, वहीत मी तुमचं नाव लिहिलं होतं.

मास्तर : खोडा ते. हिचं लिहा. मला फक्त एक खुर्ची द्या.