काडीलावीचा शब्द

(किल्लारी. दोन सख्ख्या जावांची शेजारशेजारची घरं, मधी एकच ओटा.)

साखराबाई: पानी पाजायला अर्धा घंटा लागतो व्हय, आक्का? काल पाहुण्यांची जीप आधी तुमच्या दारात थांबली. काय भरलं त्यांच्या कानात?

केवळाबाई: काय बी न्हाई. पोरगी कशी हाय म्हनून इचारलं. चांगली हाय म्हनलं.

साखराबाई: तुमी? अन् चांगलं? ऐका गं बया! परवा सुपारी फुटायची हुती माझ्या उज्वलाची. आज सकाळी निरोप आला, जमत न्हाई म्हनून!

केवळाबाई: म्या न्हाई मोडलं.

साखराबाई: दानम्माच्या पोरीचं कुनी मोडलं मग? मलप्पात अन् त्याच्या भावात बांधावरून कुनी लावून दिलं? उगंच काडीलावी म्हनतंय का गाव तुमाला?

केवळाबाई: ते केलं म्या. हाव. पर उज्वला माझ्या मांडीवर वाढली गं. तिच्या संसारात काडी टाकीन व्हय?

साखराबाई: टाकली की! वाटोळं केलं माझ्या लेकराचं. ह्या ओट्यावर उद्याच भिंत घालते. तोंड बघायचं न्हाई मला तुमचं.

उज्वला: आई, थांब. शिवमचा फोन आलता.

साखराबाई: त्या नवऱ्या पोराचा? तुला?

उज्वला: हां. त्याच्या मामानं चौकात विचारलं, गावात सगळ्यात जास्त काड्या कोण करतं. लोकांनी मोठ्या मायचं घर दाखवलं.

साखराबाई: बघ! म्हनलं न्हाई म्या?

उज्वला: ऐक की जरा! असल्या माणसाला विचारलं की पोरीचं खरंखोटं कळतं, अशी रीत आहे त्यांच्यात. मोठी माय नुसतं कौतुकच करत बसली माझं. मामा म्हणाला, काडीलावी इतकं गोड बोलून राहिली, म्हणजे पोरीत खोट हाय. घरच्यांनी हिला पढवून ठेवलंय.

केवळाबाई: आगं माय गं माय!

साखराबाई: खरंच चांगलं सांगितलं, आक्का?

केवळाबाई: भवानीची आन. जलमात पैल्यांदा कुनाचं चांगलं सांगितलं, अन् त्यानंच लेकराचं मोडलं.

साखराबाई: ऐतवारी दुसरं स्थळ हाय, भोकरचे पाहुणे येनार हायेत.

केवळाबाई: मग म्या शनवारीच उदगीरला भावाकडं जाते. दाराला कुलूप दिसलं की कोन इचारतंय?

साखराबाई: हाव. जाऊन या.

केवळाबाई: जमलं तर लग्नाला बोलावशील का गं?

साखराबाई: आधी जमू द्या, आक्का.