पाहुणा नाही, घरचाच

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी नंबर लागायची वाट पाहत होत्या. थोरली मोबाइलवर काहीतरी वाचत होती.

“काय गं ताई? चेहरा का उतरला?”

“लॅबमधला माझा तो डाग आठवतो तुला?”

“ज्याच्या नावानं घरी येऊन बोटं मोडायचीस, तो?”

“तोच. जिवाणूंमधलं जनुकं वाचणारं यंत्र वेगळं काढलं, की दरवेळी त्याला चिकटून एक बारकं प्रथिन यायचं, तपासणीत त्याचाच तो डाग उमटायचा. मला वाटायचं, घाण आहे.”

“मग?”

“घाण नव्हती गं. यंत्राला तेच धरून असतं. कुठलं जनुक वाचायचं, कुठं गप्प बसायचं, ते तेच ठरवतं. आता दुसऱ्याच कुणीतरी शोधलंय.”

“पण तुझ्या शेजारी काम करणारा तो चष्मेवाला तर हेच सांगत होता!”

“हो. दरवेळी येतंय म्हणजे पाहुणा नाही, घरचाच आहे, म्हणायचा.”

“आपल्याकडे जेवायला आला, तेव्हासुद्धा तेच चाललं होतं त्याचं. आईला केवढा आवडला होता!”

“मला सगळं स्वच्छ हवं होतं.”

“पण ताई, एवढं घट्ट चिकटलेलं निघालं कसं?”

“सहज नाही निघालं. मिठाच्या पाण्यानं धूत राहिले. निघेना, म्हणून दरवेळी मीठ वाढवत गेले. शेवटी सुटलं.”

“आणि तो?”

“त्याला एकदाच सांगावं लागलं.”