टाकीवरचा निळा उजेड

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकू येत होतं.

“आई, सोफा काढून एवढी थोरली माशांची टाकी कशाला?”

“प्रवाळ वाढतं. त्याला जागा नको?”

“वर्षाला जेमतेम बोटभर वाढतं म्हणे! तुमचं वय काय?”

“टाकीत प्रवाळ ठेवायचंय, माझं वय नाही.”

“आणि बिचाऱ्या दुकानदाराला दोनदा दिवे बदलायला लावलेत.”

“निळा उजेड मळकट दिसायचा. आता कळलं, दिवा धड आहे, मोतीबिंदू माझा आहे.”

“ऑपरेशन करा म्हणून आम्ही किती विनवण्या केल्या! नातवंडांचे चेहरे नीट दिसतील म्हटलं, तरी ढिम्म हलला नाहीत.”

“तुमचे चेहरे मला पाठ आहेत गं. प्रवाळाचे रंग अजून बघायचेत.”