निघोज्याचा टक्

चहा येऊ दे, मग सांगतो माझे तीन आठवडे कुठे गेले ते.

निघोज्याजवळ एक कारखाना आहे. तिथे माइक, भोंगा आणि गाणी एकाच स्पीकरवर चालतात. कुठला आवाज सोडायचा ते बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ठरवतो. रिले एका आवाजावरून दुसऱ्यावर गेला की स्पीकरमधून मोठ्ठा टक् यायचा. नवा बोर्ड बनवायचं काम माझ्याकडे होतं आणि मला काही तो टक् सहन होईना. ऑप-अँपच्या चिप बदलल्या, रेझिस्टर लावले, रिले पलटताना आवाज क्षणभर दाबला. शेवटी गेला एकदाचा. माइक कधी सुरू झाला ते कळायचंसुद्धा नाही.

बोर्ड बसवला आणि दुसऱ्याच दिवशी तिथले सुपरवायझर आहेत ना, नाना, त्यांचा फोन आला.

"साहेब, तुमी टक् काढला व्हय?"

मी खूश. "हो नाना, पूर्ण गेला."

"अहो, प्रेस मशीनच्या आवाजात आमी कानात बोळे घालतो. टक् झाला की बोळे काढायचे अन् सूचना ऐकायची. काल बस तीन नंबर गेटला लावल्याचं माइकवर सांगितलं. समदी शिफ्ट एक नंबरला उभी. बस रिकामी गेली."

"मग जुना बोर्ड परत लावू?"

"न्हाई, त्यात लई खरखर हाय. नव्यातच टक् टाका."

तेव्हापासून टक् बनवतोय राव. आज चौथा नमुना ऐकवला. नानांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "जवळ आलाय, पण आमचा जरा जाड होता."