मीटरवाल्या बाईची बॅटरी

...आणि वर दुकानदार मलाच विचारतो, ‘ताई, बॅटरी हल्ल्यासाठी पाहिजे का बचावासाठी?’ आता सांगा! मी पाण्याचे मीटर वाचणारी बाई, खांद्याला पर्स, हातात ते रीडिंग टाकायचं यंत्र, पायात रबरी बूट... मी हल्ला कुणावर करणार, मीटरवर? म्हटलं, ‘दादा, अंधारात आकडा दिसला पाहिजे, बास!’ तर माझ्याकडे असा बघतोय, जसं काही मी सराफाच्या दुकानात सेफ्टी पिन मागितली! मला फक्त आकडा दिसायला हवा होता हो!

तुम्हाला सांगते, पाण्याचा मीटर कधी नीट माणसात बसवलेला बघितलाय तुम्ही? नाही! तो कुठे, तर तळघरात, जिन्याखाली, पाइपांच्या मागे, लोखंडी झाकणाच्या खड्ड्यात... पाणी लोकांच्या नळाला आणि लपाछपी माझ्या नशिबाला! एका हाताने झाकण धरा, दुसऱ्याने काचेवरचा चिखल पुसा, यंत्र काखेत, आणि उजेडासाठी मोबाईल दातात. त्यात एका वॉचमनने वरून हाक मारली, ‘मॅडम, झालं का?’ आणि मी मेली उत्तर द्यायला गेले! तोंड उघडलं, मोबाईल खड्ड्यात. डुबुक! वॉचमन वरून म्हणतो, ‘काय म्हणालात?’

म्हणून घरी येऊन ह्यांना म्हटलं, ‘अहो, मला खिशात राहील अशी एक चार्जिंगची बॅटरी घ्यायचीय.’ तर धाकटे दीर शेजारीच बसलेले! त्यांच्या कानावर एखाद्या वस्तूचं नाव पडायचा अवकाश, की जेवण बाजूला आणि व्हिडिओ सुरू. ‘वहिनी, लुमेन बघायचे, लुमेन! उजेड त्यात मोजतात! आणि टॅक्टिकलच घ्यायची!’ म्हटलं, ‘टॅक्टिकल म्हणजे काय हो भाऊजी?’ ‘म्हणजे सैनिक वापरतात ती.’ ‘सैनिक मीटर वाचतात?’ ‘तसं नाही वहिनी, तोंडाला दाते असतात तिच्या, गाडीची काच फुटते.’ ‘कुणाच्या गाडीची?’ ‘आपलीच, पाण्यात बुडाली तर!’ आता आमच्याकडे गाडी म्हणजे ह्यांची सायकल. तिला काच नाही, आणि ती बुडाली तर आम्ही पेढे वाटू! आतून सासूबाई, ‘माझ्या बाथरूमचा दिवा बदलायला कुणाला सवड नाही, आणि हिच्यासाठी तोफखाना येतोय!’

तर गेलो दुकानात, मी आणि भाऊजी. दुकानदार काचेवर एकेक बॅटरी अशी मांडतोय, की जणू सुईणीने बाळ दाखवावं. ‘ही बघा, अर्धा तास पाण्याखाली चालते!’ म्हटलं, ‘ती चालेल, मी चालेन का?’ हसला नाही. ‘एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की लख्ख, तीनदा दाबलं की फडफड, दाबून धरलं की कुलूप.’ कुलूप? बॅटरीला? ‘खिशात चुकून लागू नये म्हणून, ताई!’ आणि ते कुलूप काढायचं कसं, तर चारदा दाबायचं, आणि मोजण्यात चूक झाली की परत फडफड! भाऊजींचे डोळे भरून आले होते. माझे नाही. मला फक्त आकडा दिसायला हवा होता हो!

घेतली. पहिल्याच तळघरात उतरले, मंद लावायला गेले आणि लागली फडफड! पांढरा उजेड, काळोख, पांढरा उजेड, काळोख... आणि खांबाच्या आडून एक गृहस्थ दोन्ही हात वर करून बाहेर! एका हातात सिगारेट. ‘बायकोने पाठवलंय ना तुम्हाला? ही शेवटची, आईशप्पथ शेवटची!’ म्हटलं, ‘अहो, मी पाणीपुरवठ्याची.’ तर म्हणतात, ‘तिने पाणीपुरवठ्यालाही सांगितलं?’

हसा, हसा. मीही हसले. पण नंतर झुकले मीटरवर, लख्ख झोत टाकला... आणि आकडा काही केल्या जागेवर थांबेना. कडेचे आकडे ठीक, आणि ज्याच्याकडे बघावं तोच नेमका पुसलेला! तीन का आठ? आठ का शून्य? म्हटलं, उजेड फार झाला, काच चमकतेय. गेले दुकानात, पिवळ्या उजेडाची बदलून घेतली. तरी तेच! म्हटलं, उजेड कमी झाला. मग डोक्याला पट्ट्याने बांधायची आणली. तिला बघून एका आजोबांनी दारच लावून घेतलं! बॅटरी बदलली, दुकानदाराचा आवाज बदलला, ‘या’चं ‘आता काय?’ झालं, पण तो आकडा... मला फक्त आकडा दिसायला हवा होता हो!

इकडे ऑफिसात तक्रारींचा खच. नवराबायको दोनच माणसं, आणि त्यांना बिल असं, की साहेब मला विचारतात, ‘बाई, या घरात माणसं राहतात का पाणघोडे?’ मी म्हटलं, ‘साहेब, बॅटरी नीट नाही.’ ‘चला, मी येतो,’ म्हणाले. आले खरंच, त्या दोघांच्याच इमारतीत. जिन्याखाली मीटर. मी पर्समधून बॅटरी काढतेय, कुलूप काढायला दाबतेय, एक, दोन, तीन... आणि साहेबांनी वाकून, नुसत्या डोळ्यांनी, धडाधड आकडे वाचले. मग वर बघितलं. ‘बाई,’ म्हणाले, ‘इथे खिडकी आहे.’

एवढंच. ओरडले नाहीत हो! ओरडले असते तर भांडले असते मी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तर त्यांचीच इवलीशी बॅटरी माझ्या डोळ्यात मारली. आत बघून म्हणाल्या, ‘डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, दोन्हीकडे.’ मी म्हटलं, ‘चष्मा?’ ‘चष्म्याचं काम नाही हे.’ ‘ऑपरेशन?’ नुसती मान हलवली. ‘आहे तेवढं टिकवायला बघू. गेलेलं परत येत नाही.’ आणि मी काय विचारावं? म्हटलं, ‘मग मी बॅटरी कुठली घेऊ?’ बाईंनी आपली बॅटरी बंद करून खिशात ठेवली. सोबत आलेल्या ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत! लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून धरला होता, त्यानंतर आत्ताच.

घरी आलो. सासूबाईंनी माझं ताट वाढून आणलं, भांडण न करता. तेव्हा मात्र घाबरले मी! भाऊजी कोपऱ्यात मोबाईलमध्ये तोंड खुपसून. नाक ओढत म्हणाले, ‘वहिनी, एक मिळतेय... ह्याच्या तिप्पट लुमेनची.’ मी म्हटलं, ‘दाते आहेत का?’ म्हणाले, ‘आहेत.’ आणि रडायलाच लागले हो! एवढा दाढीमिशीवाला माणूस! शेवटी मीच समजूत घातली, की बरं, बघू.

ऑफिसने काढलं नाही, देवाची कृपा. साहेब म्हणाले, ‘बाई, आता बाहेर हिंडू नका, तुम्हाला खुर्चीचं काम देतो.’ खुर्ची कुठली, तर तक्रारीच्या खिडकीतली! ज्यांना चुकीची बिलं गेली ते सगळे रांगेत, आणि आत मी. त्यांचे चेहरे मधोमध पुसलेले, आवाज मात्र लख्ख!

परवा एका बाईंनी बिल माझ्यापुढे आपटलं. ‘बघा, डोळे उघडून बघा! कुठल्या आंधळ्याने घेतलंय हे रीडिंग? मला त्याला भेटायचंय!’

मी म्हटलं, ‘बसा ना... भेटलात की.’