चाळीसगावच्या पाहुण्यांना आग्रह

ऋतिका: काय म्हणालास? केळी धुवायच्या टाकीत?

हितेंद्र: थेट टाकीत! आपल्या टीमचा कौतिक फण्या उचलायला वाकला आणि फोन खिशातून सुळकन आत. आता तो फोन तांदळाच्या डब्यात पुरलाय आणि स्वतः डब्यासमोर बसलाय.

ऋतिका: हित्या, पाच मिनिटांत मोबाइलवरची मॅच आहे! तोच आपला साखळी टाकून शत्रू ओढणारा होता. पाच जण लागतात, चौघांना खेळायला देत नाहीत. चाळीसगाववाले न खेळता जिंकणार आणि धुळ्याच्या फायनलला जाणार.

हितेंद्र: गेल्या वर्षी त्यांच्याशी खेळून हरलो, यंदा न खेळता. प्रगती आहे, ताई.

ऋतिका: थट्टा सुचते तुला? गेल्या वर्षी अख्खं रावेर म्हणालं, पोरगी कॅप्टन केली की असंच होणार. मला धुळ्याच्या स्टेजवर हेडफोन लावून बसायचंय, यांच्या नाकावर टिच्चून. राखीव म्हणून कुणाचं नाव लिहिलं होतं आपण?

हितेंद्र: मारशील मला.

ऋतिका: बोल.

हितेंद्र: लोटन आबा. नाव लिहायलाच पाहिजे होतं आणि तेव्हा समोर आपले आजोबाच होते. ते बघ, झोक्यावर घोरतायत आपले राखीव खेळाडू.

आबा: घोरत नाही रे. डोये मिटून ऐकी राह्यलो. कोन बुडालं टाकीत?

ऋतिका: आबा, उठा! तुम्ही दुपारी माझ्या फोनवर खेळता ना, रस्ते आणि बुरूजवालं?

आबा: खेळतो म्हंजे? परवा त्या जंगलातल्या राक्षसाले म्या एकल्यानं असा धरला की तो म्हणे, आबा, सोडा, घरी लहान लेकरं हायेत.

हितेंद्र: आबा, तो सरावाचा राक्षस होता. तो उभाच असतो.

आबा: माह्यासमोर बठ्ठे, लहान-मोठे सारे, उभेच राहतात. एक साल माह्या केयीले असा घड लागला की टेक्याले बांबू पुरेना. म्या विजेचा खांब उपटून लावला. लाइनमन आला, म्हणे गावात अंधार हाये, खांब द्या. म्हटलं, घड उतरला की घेऊन जाय.

ऋतिका: आबा, खांब नंतर. हा आईचा फोन धरा. ऐका. तीन रस्ते. प्रत्येक रस्त्यावर त्यांचे बुरूज, आपले बुरूज. बारके शिपाई आपोआप चालत राहतात, त्यांच्याकडे लक्ष नको. शेवटी मोठा कोट. ज्याचा कोट पडला तो हरला.

आबा: एवढं तर मले झोपेतबी येतं.

ऋतिका: पुढचं महत्त्वाचं. आपली जोडणी तिघांची आहे. तुम्ही आकडा. तुमच्याकडे साखळी आहे, लांबच्या माणसाला ओढून आपल्यात आणायचं. मी गारठा, त्याला जागच्या जागी गोठवणार. हित्या वणवा, तो जाळणार. वणव्याची मोठी आग एकदा टाकली की पुन्हा पेटायला फार वेळ लागतो. म्हणून आधी ओढणं, मग गोठवणं, मग आग. क्रम चुकला की तिघंही फुकट.

हितेंद्र: आणि रुपचंद ढाल धरून पुढे, दिपमाला जखमा भरायला मागे. दोघं आपापल्या घरून कानात बोलतायत. रुपचंद विचारतोय, आबांना दिसतं का?

आबा: त्याले सांग, मले सातपुड्याच्या पल्याडचं दिसतं.

(फोनमधून नगारा वाजतो. सामना सुरू.)

हितेंद्र: खालच्या रस्त्यानं चला! आबा, इकडे. तो समोर त्यांचा गेंडा, जाडजूड. मागे ती बारकी दिसते ना, जडीबुटीवाली? ती सगळ्यांच्या जखमा भरते. ती आधी हवी.

ऋतिका: आबा, साखळी टाका! आबा? आबा, तुमचा आकडा स्क्रीनवर हात काय जोडतोय?

आबा: राम राम करी राह्यलो. पाहुणे हायेत.

हितेंद्र: कसले पाहुणे? तो गेंडा बुरूज फोडतोय आपला!

आबा: फोडू दे. चाळीसगावचे ना ते? माही लेक हेमलता दियेल हाये तठी. लेकीच्या गावावर हात उचलू? तठलं कुत्रं दारी आलं तरी मी त्याले अहो-जाहो करतो.

हितेंद्र: घ्या! ताई, हे आत्याकडे जातात तर प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा इथून भरून नेतात. लेकीच्या गावचं पाणी चालत नाही यांना. यांना तू चाळीसगावशी लढायला बसवलंस.

आबा: माह्या बापानं पाळलं, मीबी पाळतो.

ऋतिका: पहिला बुरूज गेला. पडला! दिपमाला रडायला आलीय कानात. हित्या, मागे फिर, एकटा पुढे जाऊ नकोस.

हितेंद्र: टाकतो आग!

ऋतिका: कुणावर? हवेवर? टाकलीस ना! आता पेटेपर्यंत बस शेकत. आबा, एक सांगा मला. पाहुणा दारात उभा आहे, लाजतोय, आत येत नाही. तुम्ही काय करता?

आबा: मनगट धरून आत ओढतो. पाटावर बसवतो. एक माणूस म्हणे, पोट भरलं. त्याले म्या गल्लीच्या तोंडापासून ओढत आणला, वरण-बट्टी आन् भरीत खाऊ घातलं. त्याचं सदऱ्याचं बटन तुटून भिंतीत रुतलं, आजूनबी तठीच हाये.

ऋतिका: मग तेच करा! तुम्ही मारू नका. कुणाला बोटसुद्धा लावू नका. नुसता आग्रह करा, आत ओढा. पुढचं आम्ही बघतो.

आबा: तुम्ही काय करणार त्याइले?

ऋतिका: वाढणार.

आबा: आस्सं. गरम वाढणार ना?

हितेंद्र: इतकं गरम की काय सांगू!

आबा: मंग कसं! या, या, या पाहुणे, असे दूर काहून उभे?

हितेंद्र: लागली! साखळी लागली! ताई, आबांनी ओढला... अरे देवा, गेंडा ओढला!

ऋतिका: आबा, गेंडा नको! त्याची कातडी जाड, मागची त्याच्या जखमा भरते तोवर तो जळतच नाही. आपल्यात आला की तोच आपल्याला तुडवतो. मागची बारकी ओढा!

हितेंद्र: रुपचंद मेला. मी मेलो, पुन्हा उठायला वेळ लागेल. ताई, पळ!

आबा: पोरी, तू शिकेल हाये, पन पंगत नाही बसवली कधी. मोठ्या पाहुण्याले दारात ठेवून पोरासोराले आधी पाटावर बसवू? लोक शेण घालतील तोंडात.

ऋतिका: ही पंगत नाही आबा!

आबा: आग्रह करा म्हने, आन् मंग म्हने पंगत नाही.

हितेंद्र: परत गेंडाच! ताई, यांनी तिसऱ्यांदा गेंडाच ओढला. तो आता आबा दिसले की स्वतःच जवळ येतोय.

आबा: वयख झाली, आता त्याले मी परका नाही.

ऋतिका: खालचे बुरूज संपले. मधलेही गेले. हित्या, आता नुसता कोट उरलाय. गेल्या वर्षी इथेच हरलो आपण. अगदी इथेच. लोक काय बोलतील ते मला आत्तापासून ऐकू येतंय.

आबा: ये बाई. रडू नको. कोट म्हंजे आपलं घर ना?

ऋतिका: हो.

आबा: आन् ते दाराशी आले?

ऋतिका: आले, पाचही. गेंडा पुढे, बाकीचे मागे दबकून उभे.

आबा: घरात तर कोनालेबी ओढता येते. तू कुठी उभी?

ऋतिका: कोटाच्या आड. थांबा. थांबा एक मिनिट... हित्या, आग पेटलीय तुझी?

हितेंद्र: पूर्ण!

ऋतिका: माझ्या शब्दाशिवाय टाकलीस तर घरात घेणार नाही. आबा, तुमच्या मनासारखं करा. मोठा पाहुणा आधी.

आबा: या हो पाव्हणं! पाट मांडेल हाये!

हितेंद्र: ओढला! गेंडा थेट कोटाच्या पायाशी! टाकू?

ऋतिका: नाही!

हितेंद्र: ताई, तो तुडवतोय! रुपचंद एकटा धरून आहे! टाकू?

ऋतिका: थांब म्हणते ना! तो एकटा आत अडकलाय. त्याला सोडवायला ते येणार... बघ, जडीबुटीवाली आली. तो धनुष्यवाला आला. अजून दोन. या, या, लाजू नका...

आबा: मोठा बसला की बाकीचे बसतातच. मी काय सांगी राह्यलो मघापासून?

ऋतिका: गारठा! पाचही गोठले! हित्या, वाढ!

हितेंद्र: वणवाऽऽ! ताई! पाचही! पाचच्या पाच! गेंडासुद्धा, त्याच्या जखमा भरायला कुणी उरलंच नाही! दिपमाला किंचाळतेय, माझा कान गेला!

ऋतिका: ते उठायच्या आत त्यांचा कोट! पळा, मधल्या रस्त्यानं! आबा, तुम्हीही चला!

आबा: मी वेशीबाहेर थांबतो. लेकीच्या गावातल्या घराले मी हात लावणार नाही. तुम्ही या करून.

हितेंद्र: अर्धा पडला... अजून... अजून... पडलाऽऽ! जिंकलो! ताई, धुळे! आपण धुळ्याला चाललो!

ऋतिका: जिंकलो? हित्या, चिमटा काढ. आई गं, एवढ्या जोरात नाही! आबा, जिंकलो आपण!

आबा: जिंकणारच. एका साखयीत म्या सात जण ओढले.

हितेंद्र: आबा, ते पाचच होते.

आबा: मंग दोन बघणाऱ्यातले आले असतील. आग्रहच तसा व्हता.

ऋतिका: थांबा, मला मेसेज आलाय. हेमलता आत्याचा!

हितेंद्र: आत्याचा? तिला काय कळलं?

ऋतिका: वाचते. "ऋतिका, आबांना सांग, तो गेंडा म्हणजे आमच्या शेजारचा भटू. माझ्याच ओट्यावर बसून खेळत होता, मी मागून बघत होते. राम राम करणारा आकडा पाहिला आणि मला कळलं, हे आबाच. भटू हरला तरी हसतोय, म्हणतो असा आग्रह कुणी केला नव्हता. धुळ्याला जाताना आमच्याच स्टेशनवर गाडी बदलावी लागते. या वेळी मी ओढणार आहे. भटू जाड आहे, मदतीला येईल."

हितेंद्र: आता सापडले आबा! काय लिहू, आबा? आबा?

आबा: गाडी बदलायले टाइम मियतो ना मधी?

ऋतिका: मिळतो. निवांत जेवण होईल एवढा.

आबा: हं.

हितेंद्र: नुसतं हं लिहू?

आबा: तू काहीबी लिही. ऋतिका...

ऋतिका: काय आबा?

आबा: त्या दिवशी माही बाटली नको भरू.